भोपळ्याची शिफारस

मराठी माणसाची आणि लाल भोपळ्याची पहिली भेट होते गोष्टीत. दुसरी उत्तरपत्रिकेत. तिसरी एकदम चाळिशीनंतर, रक्त तपासल्याचे कागद हातात पडल्यावर. पहिल्या भेटीत तो टुणूक टुणूक उड्या मारतो, दुसऱ्या भेटीत त्याच्याखाली वडिलांची सही लागते आणि तिसऱ्या भेटीत कुणीतरी पाठीवर हात ठेवून सांगतं, "लाल भोपळा खात जा रोज. फार चांगला असतो." तिन्ही भेटींत ताट-वाटी कुठेच आली नाही, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेलच.

भोपळ्याबद्दल बोलणारी माणसं अमाप. खाणारी शोधावी लागतात. सकाळी फिरून झालं की आमच्या बागेतल्या एका बाकावर ज्येष्ठ मंडळींची बैठक भरते. तिथे दर काही महिन्यांनी एखाद्या भाजीची प्राणप्रतिष्ठा होते. मागे शेवग्याचा पाला होता, त्याआधी कारल्याच्या रसाचं राज्य होतं, सध्या गादीवर लाल भोपळा आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक काका त्याचे मुख्य प्रवक्ते. एकदा त्यांनी बोटांवर मोजत फायदे सांगायला घेतले. डोळे, हृदय, आतडी, सांधे, केस, कातडी, झोप... दहा बोटं संपली तेव्हा ते पुन्हा अंगठ्यावर आले. मी विचारलं, "काका, तुमच्याकडे कसा करतात?"

काका जरा थबकले. "आमच्याकडे नाही होत. मला तो गुळमट लागतो. पण तू खा."

या "पण तू खा"मध्ये भोपळ्याची सगळी कर्मकहाणी आली. स्थळ सुचवताना मुलाबद्दल दुसरं काही सांगण्यासारखं नसलं की "मुलगा गुणी आहे हो" म्हणतात, तसं त्याचं झालंय. गुण सांगायला सुरुवात झाली की ऐकणारा सावध होतो. आंब्याचे औषधी उपयोग कुणी सांगत बसत नाही. जिलबी पचनाला कशी पडते याची चौकशी पंगतीत होत नाही. भोपळ्याला मात्र वकिलांची फौज मिळाली आहे, आणि इतके वकील दिसले की माणसाला अशील गुन्हेगार असल्याचा संशय येणारच. माझं म्हणणं एवढंच आहे, की भोपळ्याचं जे काही नुकसान झालं ते त्याची शिफारस करणाऱ्यांनी केलं.

भाषेनेही त्याला कधी हात दिला नाही, हेही खरं. भ्रमाचा फुटतो तो भोपळा. गणितात मिळतो तो भोपळा. १९४८ साली ओव्हलवर एरिक हॉलीजने ब्रॅडमनला दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळाचीत केलं, ब्रॅडमनची कारकिर्दीची सरासरी ९९.९४ वर कायमची अडकली, आणि त्या दिवशी त्याच्या नावापुढे काय लागलं, तर भोपळा! लंडनमध्ये काही का घडेना, बदनामी आमच्या मंडईतल्या भाजीची. असो.

आधी शिफारशीत तथ्य किती आहे ते पाहू. शंभर ग्रॅम कच्च्या भोपळ्यात सुमारे ९२ ग्रॅम पाणी असतं. बाकीचा सगळा संसार उरलेल्या आठ ग्रॅमांत. उष्मांक म्हणाल तर २६ कॅलरी. म्हणजे पाव किलोची फोड एकट्याने संपवली तरी एका बऱ्यापैकी पोळीची बरोबरी होत नाही. वजन कमी करणाऱ्यांचा त्याच्यावर डोळा असतो तो यामुळे. जमेच्या बाजूला बऱ्यापैकी पोटॅशियम, थोडं क जीवनसत्त्व आणि ज्याच्यामुळे त्याला तो भगवा रंग येतो ते बीटा-कॅरोटीन, साधारण तीन मिलिग्रॅम. शरीर त्यातून अ जीवनसत्त्व बनवतं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो, फारच कमी पडलं तर लहान मुलांची दृष्टी जाते. म्हणूनच भारत सरकारने १९७० पासून मुलांना त्याचे डोस पाजायला सुरुवात केली. तेव्हा भोपळा डोळ्यांना चांगला, या वाक्यात खोट नाही. फक्त त्याने चष्मा उतरत नाही. आमच्या बाकावर भोपळ्याचे गुण वाचून दाखवणारे सगळे जण मोबाइल हातभर लांब धरून वाचतात. ते वयाचं काम आहे, तिथे भोपळ्याचा इलाज चालत नाही.

आता यातली मेख. हे कॅरोटीन विरघळतं ते तुपा-तेलात. जेवणात स्निग्ध काही नसेल तर ते आतड्यातून अंगात फारसं शिरत नाही, आलं तसं निघून जातं. आणि आहाराच्या तक्त्यात काय लिहिलेलं असतं? "लाल भोपळा, उकडून, बिनतेलाचा, एक वाटी." ज्याच्यासाठी खायचा ते अंगी लागू नये, याची एवढी चोख व्यवस्था मी दुसरीकडे पाहिलेली नाही. त्यापेक्षा आमची गोष्टीतली म्हातारी शहाणी. ती लेकीकडे गेली, तूपरोटी खाऊन गुटगुटीत झाली आणि मग भोपळ्यात बसून वाघा-कोल्ह्याच्या नाकावर टिच्चून घरी परतली. आधी तूप, मग भोपळा. आहारशास्त्राच्या दृष्टीने क्रम अगदी बिनचूक आहे.

अति उत्साही भक्तांसाठी आणखी एक. भोपळा, गाजर, पपई यांचा महिनोन्महिने रतीब लावला तर तळहात-तळपाय पिवळे पडू शकतात. घाबरायचं कारण नाही, खाणं आवरलं की रंग उतरतो. काविळीत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो, यात होत नाही. एवढं बघावं आणि मगच घरच्यांनी रडारड सुरू करावी.

साखरेच्या बाबतीत बाकावर दोन तट आहेत. एक गट म्हणतो भोपळा गोड, म्हणून वर्ज्य. दुसरा म्हणतो भोपळ्याने मधुमेह मुळापासून जातो. पहिल्याचा मुद्दा असा, की याचा ग्लायसेमिक इंडेक्स चढा आहे. तो आहेच. पण शंभर ग्रॅमात कर्बोदकं साडेसहा ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे वाटीभर भाजीने आभाळ कोसळत नाही. दुसऱ्या गटाला मात्र हात जोडून विनंती, की गोळ्या बंद करू नका. भोपळा भाजी आहे, वैद्य नव्हे.

आणि रस! कुठलीही भाजी प्रसिद्धीला आली की आपल्याकडे तिचा रस निघतो. सकाळी, रिकाम्या पोटी, नाक दाबून. भोपळ्याच्या कुळातल्या भाज्यांचा असा रस पिणाऱ्यांनी आधी फोडीचा एक कण जिभेवर ठेवून बघावा. कडू लागला तर थुंकावा आणि फळ कचऱ्यात टाकावं. या कुळात कुकर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात आणि ती जास्त झाली तर विषारी ठरतात. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली, तेव्हा आयसीएमआरने त्याच्या अभ्यासासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती. "कडू म्हणजे गुणकारी" ही आपली लाडकी समजूत इथे जिवावर बेतते. तुकोबांच्या नावावर एक गोष्ट सांगतात, की त्यांनी यात्रेकरूंच्या हाती कडू भोपळा दिला आणि याला सगळ्या तीर्थांत स्नान घालून आणा म्हणाले. भोपळा सगळीकडे बुचकळून आला आणि होता तसाच कडू राहिला. शिजवूनही हा कडूपणा जात नाही. तीर्थांनी जे झालं नाही ते कुकरच्या तीन शिट्यांनी होईल, या भ्रमात राहू नये.

आता हा गृहस्थ मूळचा कुठला, ते बघा. साधूच्या हातातला तुंबा, पोहायला शिकताना पाठीला बांधायचा भोपळा, मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा हे सगळे दुधीच्या घराण्यातले आणि इथले फार जुने रहिवासी. लाल भोपळा हा त्यांचा लांबचा भाऊबंद, अमेरिकेतला. मेक्सिकोत ओआहाका प्रांतातल्या एका गुहेत त्याच्या जातकुळीच्या बिया सापडल्या आहेत, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या. कोलंबसानंतर कधीतरी युरोपातल्या जहाजांतून तो आपल्याकडे आला, वेलीला मांडव बघून चढला आणि बघता बघता गंगाफळ आणि काशीफळ झाला. इतक्या झटपट तीर्थक्षेत्री वतन मिळवणारा दुसरा परदेशी माझ्या माहितीत नाही.

पुढे काही घरांत तो उपासालाही चालू लागला. काही घरांत अजून चालत नाही आणि चालणाऱ्या घरातली मुलगी न चालणाऱ्या घरात पडली की पहिल्याच आषाढी एकादशीला वाद उभा राहतो. "आमच्याकडे चालतो," असं सून म्हणते. "तुमच्याकडे चालत असेल," असं सासूबाई म्हणतात. या वादात पडणाऱ्यांनी उपासाच्या ताटाकडे एकदा नीट पाहावं. बटाटा अमेरिकेतला, रताळं अमेरिकेतलं, शेंगदाणा आणि मिरची तिकडचीच, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद तिकडचा, राजगिराही मूळचा तिकडचा. वरीचे तांदूळ, काकडी आणि वरचं तूप, एवढं काय ते आपलं. एवढ्या गर्दीत एकट्या भोपळ्याचा पासपोर्ट तपासायचा म्हणजे जरा पंक्तिप्रपंच झाला.

मंडईत भोपळा कधी हाक मारत नाही. कोथिंबीर डोळ्यांत भरते, टोमॅटो पुढे पुढे करतात. भोपळा टोपल्यांच्या मागे बसलेला असतो आणि भाजीवाली त्याच्या अंगावर हिशेबाची वही ठेवते. एक भोपळा मात्र तिने उघडून ठेवलेला असतो, आतला केशरी रंग गिऱ्हाइकाकडे करून. आमची भाजीवाली त्यावर ओलं फडकं घालते आणि कुणी रेंगाळलं की ते हळूच बाजूला सारते.

"घ्या की दादा, गोड हाय."

"पाव किलो द्या."

"पाव किलोत काय व्हतंय? अख्खा न्या. दिवाळीपत्तुर ऱ्हाईल."

ती थापा मारत नाही. पिकलेला, देठ शाबूत असलेला अख्खा भोपळा कोरड्या, हवेशीर जागी महिनोन्महिने टिकतो. गावाकडे तो कौलांवर, माळ्यावर, गोठ्याच्या आढ्याला असा कुठेही पडून असे आणि त्याची कुणी विचारपूस करत नसे. एकदा चिरला की मात्र आठवडाभरात संपवावा लागतो. बिया आणि आतलं तंतूंचं जाळं आधी खरवडून काढायचं, कारण नासायला सुरुवात तिथूनच होते. घेताना देठ वाळून टणक झालाय का बघावं, सालीवर नख दाबून बघावं, ते रुतता कामा नये, आणि आकाराच्या मानाने वजन लागलं पाहिजे. एवढं तपासून लोक शेवटी पाव किलोची फोडच घेतात. घरात माणसं तीन. त्यातल्या एकाला भोपळा आवडत नाही, एकाला चालतो आणि एकाला डॉक्टरांनी सांगितलाय.

अख्खा आणला तर पुढचा पेच असा, की तो फोडायचा कुणी? पुष्कळ घरांत बायकांनी अख्ख्या भोपळ्याला पहिला घाव घालायचा नाही अशी रीत आहे. भोपळा थोरल्या मुलाच्या जागी असतो, असं एक कारण मी ऐकलंय. कारण काही असो, वर्षानुवर्षं स्वयंपाकघराचा उंबरा न ओलांडणाऱ्या पुरुषाला त्या दिवशी आत मानाने बोलावणं जातं. आमच्याकडे हा मान थोरल्या काकांचा. ते बाह्या सारत येत. भोपळा फिरवून फिरवून पाहत. सुरीला धार नसल्याचं जाहीर करत. मग नेम धरून असा घाव घालत, की सुरी दोन बोटं आत जाऊन रुतून बसे. ती पुढे जाईना, मागे येईना. सुरी उचलावी तर भोपळाही उचलला जाई. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते खोटं असावं, इतकी ती दोघं एकमेकांना धरून असत. शेवटी सुरीसकट भोपळा ओट्यावर आपटला जाई, तो उकले आणि काका घाम पुसत म्हणत, "झालं. आणखी काही?" मग त्यांना चहा मिळे. सालं काढणं, बिया खरवडणं, फोडी करणं, किसणं, परतणं, तळणं हे किरकोळ राहिलेलं काम काकू आणि आत्या करत.

आत्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण भोपळा मला तिच्यामुळे कळला. तिच्या तोंडून मी 'आरोग्य' हा शब्द कधी ऐकला नाही. ती घारगे करायची. भोपळा किसून तुपावर परतायला टाकायचा. आधी त्याला पाणी सुटतं, कीस मऊ पडतो, मग ते पाणी आटत येतं. तेव्हा किसाच्या निम्मा चिरलेला गूळ घालायचा. गूळ विरघळला की सगळं पुन्हा सैल होतं आणि नवखा माणूस इथे घाबरतो. आत्या घाबरत नसे, ती झारा फिरवत दुसऱ्या बाईशी बोलत असे. मिश्रण भांड्याची कड सोडू लागलं की खाली उतरवायचं, चिमूटभर मीठ, वेलदोडा, जायफळ. कोमट झालं की त्यात मावेल तेवढी कणीक आणि थोडी तांदळाची पिठी. "मावेल तेवढी" हे आत्याचं एकमेव माप, त्याचं ग्रॅममध्ये रूपांतर होत नाही. पाण्याचा थेंब घालायचा नाही. पाणी घातलं की घारगा तेल पितो, आणि मग खाणाऱ्याच्या बोटांवरून ते कळतं. तास-दीड तास मुरवून केळीच्या पानावर थापायचे, वरून खसखस दाबायची आणि मध्यम आचेवर तळायचे. नीट जमलेला घारगा टम्म फुगतो आणि कडेने गडद तपकिरी होतो. गरम असताना त्यावर लोण्याचा गोळा, गार झाल्यावर शेजारी लिंबाचं लोणचं. दोन-तीन दिवस टिकतात, म्हणून प्रवासात डबा याचाच.

भोपळ्याचं नाव काढलं की पानावरून उठणारा माझा आतेभाऊ हे घारगे उभ्याउभ्या खायचा. "कशाचे केलेस गं?" त्याने एकदा विचारलं. "गुळाचे," आत्या म्हणाली. ती खोटं बोलली नाही. तिने शिफारस टाळली.

घारग्यात २६ कॅलरींचं काय होतं, असं विचारू नये. विचारायचंच असेल तर भरीत करावं. फोडी पाण्यात न उकडता वाफवायच्या, नाहीतर भरिताचं कालवण होतं. कुस्करून पूर्ण गार होऊ द्यायच्या, मग दही, दाण्याचं कूट, मीठ, साखरेची चिमूट, आणि वरून तुपात जिरं आणि हिरवी मिरची तडतडवून ती फोडणी. पाच मिनिटांचं काम. कॅरोटीनला लागणारं तूप त्यात आहे, दाण्यांची प्रथिनं आहेत, पण जेवणाऱ्यांना हे कळू द्यायचं कारण नाही. रोजची भाजी त्याहून सोपी. तेलात मोहरीबरोबर मेथीचे दाणे, हिंग, सुकी मिरची, सालासकट फोडी, झाकणावर पाणी ठेवून दमदमीत वाफ, शेवटी आमसूल, गुळाचा खडा आणि ओलं खोबरं. मेथीदाण्याचा कडूपणा आणि आमसुलाचा आंबटपणा हवाच. बाकावरच्या काकांना भोपळा गुळमट लागतो तो या दोघांवाचून केलेला. अर्धा मराठी भोपळाद्वेष हा मेथीदाण्याच्या अभावाने झालेला विकार आहे, असं माझं निदान आहे.

सणावारांना हे आपल्याआधी कळलेलं होतं. खान्देशात श्रावणात कानबाईचे रोट होतात तेव्हा ताटात गंगाफळाची भाजी हवीच. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून परसातल्या भाज्या एकत्र शिजतात. तिथे अळू, सुरण, पडवळ, मक्याचं कणीस यांच्या मेळ्यात भोपळा विरघळून सगळ्यांना धरून ठेवतो. गोव्याच्या खतखत्यात तो आहे. पितृपक्षात तर पूर्वजांच्या पानावर त्याला मान. हयातीत ज्यांनी तो बाजूला सारला त्यांनाही वर गेल्यावर सुटका नाही. वेलीची फुलं डाळीच्या पिठात बुडवून तळली तर भजी होतात, कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, सालीची तीळ घालून चटणी होते.

बियांची कथा वेगळीच. मेक्सिकोतल्या त्या जुन्या लोकांनी हे फळ लावलं ते बहुधा बियांसाठी, रानटी फळाचा गर कडू असे. म्हणजे ते बिया खात आणि गर टाकत. आपण हजारो वर्षांची प्रगती करून गर खातो आणि बिया टाकतो. मग त्याच बिया 'पम्पकिन सीड्स' नावाने, झिपच्या पाकिटात, भोपळ्याच्या कितीतरी पट भावाने विकत आणतो. त्यांत प्रथिनं, मॅग्नेशियम, जस्त, लोह भरपूर, यात वाद नाही. पाकिटातल्या बिया हिरव्या आणि सोललेल्या असतात, घरच्या पांढऱ्या कवचाच्या. त्या धुऊन, वाळवून, मीठ लावून भाजल्या तर तशाच लागतात. फक्त सोलायला नखं आणि सवड लागते. पाकिटाचे पैसे घेतात ते खरं तर सवडीचे.

भोपळ्याला किंमत यायला त्याने परदेशी जाऊन नाव बदलून यावं लागतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मध्ये एका लग्नाच्या स्वागतसमारंभात बाकावरचे ते काका भेटले. हातात सूपचा कप. "हे घे आधी," ते म्हणाले, "फार सुंदर आहे. मी दुसऱ्यांदा घेतलं." टेबलावरच्या पाटीवर लफ्फेदार अक्षरांत 'क्रीम ऑफ पम्पकिन' लिहिलं होतं. काका चष्मा घरी विसरले होते. मी काही बोललो नाही. त्यांच्या कपात साय तरंगत होती, म्हणजे कॅरोटीन अंगी लागण्याची सोय होती. एका माणसाला आयुष्यात प्रथमच भोपळा आवडत असताना मध्ये बोलणं बरं नव्हे.

तसं पाहिलं तर तो गुपचूप आपल्या पोटात जातच असतो. उडप्याच्या सांबारात विरघळलेली ती केशरी फोड कुणाची? हातगाडीवरच्या लालभडक सॉसात टोमॅटो किती आणि भोपळा किती, हा तर जुनाच संशय. उलट अमेरिकेत २००३ साली स्टारबक्सने 'पम्पकिन स्पाइस लाटे' नावाची कॉफी काढली आणि लोकांनी तिच्यासाठी रांगा लावल्या. तिच्यात दालचिनी, जायफळ, लवंग असं भोपळ्याच्या मिठाईत पडणारं सगळं होतं. भोपळा नव्हता. तो २०१५ साली घातला. म्हणजे तिकडे इतकी वर्षं नाव भोपळ्याचं होतं आणि आत भोपळा नव्हता. आपल्याकडे आत भोपळा आणि नाव टोमॅटोचं.

तिकडे भोपळ्याच्या वजनाच्या स्पर्धाही होतात. कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथे २०२३ साली एक भोपळा १,२४७ किलो भरला. त्यात आमची म्हातारी, लेक, जावई, वाघ आणि कोल्हा सगळे मावले असते आणि वर तूपरोटीचा डबा राहिला असता. मात्र असले अवाढव्य भोपळे वजनाचेच असतात, चवीचे नव्हेत. खायला आपला मंडईतला, हिशेबाच्या वहीखालचा, चार-पाच किलोचा बरा.

तर पितृपक्ष लागला की याचे भाव चढतात. त्याआधीच एक अख्खा, देठासकट, जड बघून आणून ठेवा. फोडायला घरातल्या कर्त्या पुरुषाला बोलवा आणि या खेपेला सालं काढेपर्यंत त्याला सोडू नका. बिया धुऊन वाळत घाला. पहिल्या दिवशी घारगे, दुसऱ्या दिवशी मेथीदाणे घातलेली भाजी, उरल्याचं भरीत. आणि पानं वाढताना कृपा करून त्याचे फायदे कुणाला सांगू नका.